बहीण जर्मनीला निघाली आहे: पहिल्या तीन महिन्यांचे पैसे आधी वेगळे काढा

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदार भावाचा प्रश्न आहे. धाकट्या बहिणीला स्टुटगार्टला दोन वर्षांच्या एमएससाठी प्रवेश मिळालाय, ऑक्टोबरमध्ये सेमिस्टर सुरू होतंय. वडील निवृत्त शिक्षक, पेन्शन चालू आहे. निवृत्तीच्या पैशातले १२ लाख बँकेत आहेत. घरची दीड एकर बाग आहे आणि सांगलीत एक प्लॉट आहे. एजंट म्हणतो, "ब्लॉक्ड अकाउंटला पैसे भरले की वर्षाची चिंता मिटली, पुढचं ती पार्टटाइम करून भागवेल." भावाला तीन गोष्टी हव्या आहेत: महिन्याला नक्की किती लागतील, कर्ज किती काढावं, आणि एजंटचं बोलणं कितपत खरं.

दादा, सांगलीत बँकेच्या शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर माझी नोकरीची बरीच वर्षं गेली. आता निवृत्तीनंतरही विश्रामबागेतल्या घरी लोक फायली घेऊन येतात. एजंट खोटं बोलत नाहीये, पण तो व्हिसापुरतं बोलतोय. पैशाची खरी ओढाताण होते ती पहिल्या तीन महिन्यांत, आणि ब्लॉक्ड अकाउंटचा, म्हणजे व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे अडकवून ठेवायच्या खात्याचा, त्याच काळात सगळ्यात कमी उपयोग होतो. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी या खात्यात वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. २०२३ मध्ये हाच आकडा ११,२०८ होता. म्हणून पैसे पाठवायच्या आधी दूतावासाच्या संकेतस्थळावर त्या दिवसाचा आकडा बघून घ्या. हा आकडा आला कुठून? जर्मन सरकार आपल्या विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी जी मदत देतं, तिच्या कमाल दराशी तो बांधलेला आहे. पण तिथल्या पोरीच्या मागे तिथलंच घर असतं. शनिवारी आईकडून डबा येतो, घरमालकाला वडिलांची हमी चालते, जुना पलंग मावशीकडून मिळतो. आपली पोरगी उतरते ती दोन बॅगा घेऊन.

आता या खात्याची रीत समजून घ्या, कारण घरोघरी गैरसमज इथेच होतो. पैसे तुमच्या बहिणीचेच असतात, पण ते एकदम काढता येत नाहीत. तिने तिथे जायचं, राहण्याचा पत्ता मिळवायचा, त्या पत्त्याची महापालिकेत नोंदणी करायची, तिथलं चालू खातं उघडायचं आणि मग ब्लॉक्ड खातं सुरू करून घ्यायचं. त्यानंतर दर महिन्याला ९९२ युरो तिच्या चालू खात्यात येतात. एका महिन्यात त्याहून जास्त मिळत नाहीत. घर मिळायला उशीर झाला की सगळी साखळीच पुढे सरकते. तोवर खात्यात जवळजवळ १२ हजार युरो पडून असतात आणि पोरीच्या हातात शंभरही नसतात.

स्टुटगार्टचा पहिल्या महिन्याचा हिशोब मांडू. घर मिळेपर्यंत हॉस्टेल किंवा कुणाच्या तरी रिकाम्या खोलीत दोन आठवडे काढायचे, त्याचे ५०० युरो. खोली मिळाली की अनामत. कायद्याने ती तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत घेता येते. मूळ भाडं ३५० धरलं तर १,०५०. पहिल्या महिन्याचं एकूण भाडं ४८०. विद्यापीठाची फी आणि सेमिस्टरची वर्गणी मिळून १,७००, त्याबद्दल पुढे सांगते. आरोग्यविमा १४५. गादी, पांघरूण, भांडी, दिवे, जाकीट असं सामान २५०. राहण्याच्या परवान्याची फी १००. प्रवास ४५, खाणं २२०, मोबाइल वगैरे २०. बेरीज ४,५१० युरो. त्याच महिन्यात ब्लॉक्ड खात्यातून येणार फार तर ९९२, तेही बहुधा महिना संपताना. म्हणजे साडेतीन हजार युरो वेगळे हाताशी हवेत. युरो १०५ रुपयांना धरला तर पावणेचार लाखांच्या जवळपास. ही रक्कम ११,९०४ च्या वर लागते, त्यातली नाही. एजंटच्या कागदावर नसते ती हीच ओळ.

अनामत तीन समान हप्त्यांत देण्याचा हक्क तिथला कायदा भाडेकरूला देतो, हे बहिणीला सांगून ठेवा. घरमालक आपणहून सांगेलच असं नाही.

आपल्या जिल्ह्याला परमुलखात जाणं नवं नाही. विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाई बांधव सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पसरलेत. पण तो पोरगा गावातून निघतो तेव्हा गावच्याच माणसाच्या दुकानात उतरतो. झोपायला दुकानाचा माळा, जेवायला दुकानाची पंगत, आणि पहिला पगार हातात येईपर्यंत खिशाला हात लावावा लागत नाही. पहिल्या तीन महिन्यांचा खर्च त्याच्यासाठी गाव उचलतं. स्टुटगार्टला तसा माळा नाही. तिथे मराठी मंडळी भेटतात, मदतही करतात, पण घरमालकाच्या परवानगीशिवाय पाहुणा फार दिवस ठेवून घेता येत नाही आणि पत्त्याच्या नोंदणीला घरमालकाचा सहीचा कागद लागतो. गावाने उचलला असता तो खर्च तुम्हाला रोख धरून चालावा लागेल.

घराबद्दल थोडं जास्त बोलते, कारण बजेट वर जाणार की खाली येणार हे खोलीवर ठरतं. प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी विद्यार्थी वसतिगृहासाठी अर्ज करायला हवा होता. केला नसेल तर आज रात्री करा. तिथली खोली बाहेरच्यापेक्षा बरीच स्वस्त पडते आणि रांग लांब असते. जाहिरातीत दोन भाडी लिहिलेली दिसतील. 'काल्ट' म्हणजे नुसतं जागेचं. 'वार्म' म्हणजे हीटर, पाणी, कचरा, जिन्याची सफाई हे धरून. विजेचं बिल काही ठिकाणी त्यातही नसतं, ते विचारायचं. वर्षाच्या शेवटी हीटरचा खरा वापर मोजून फरकाचं बिल येतं. खिडकी उघडी ठेवून हीटर लावायची सवय लागली तर दोन-तीनशे युरोचा फटका सहज बसतो. आणि खोली कुणीतरी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय, करारावर सही झाल्याशिवाय अनामत पाठवू नका. "मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, चावी कुरिअरने येईल" असं लिहिणारा माणूस घरमालक नसतो.

आता दर महिन्याचं. वसतिगृहाबाहेर, दोघा-तिघांच्या सामाईक घरात एक खोली धरते. भाडं ४८०. तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याचा सरकारी आरोग्यविमा १४५, हा चुकवता येत नाही. खाणं २२०, म्हणजे रोज घरी स्वयंपाक आणि आठवड्यात दोन-तीनदा विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये जेवण. विद्यार्थी सवलतीचं प्रवासतिकीट ४५. मोबाइल आणि रेडिओ-टीव्हीच्या शुल्कातला वाटा मिळून २०. हे शुल्क दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो असतं, घरात टीव्ही असो नसो. पत्ता नोंदवला की काही आठवड्यांत त्याचं पत्र येतं. पोरं जाहिरात समजून ते फेकतात आणि मग दंडासकट मागणी येते. वह्या, केस कापणं, कधी कॉफी, सर्दीचं औषध याला ८०. बेरीज ९९० युरो. व्हिसाच्या ९९२ मधून दोन युरो उरले. काटकसर करणाऱ्या पोरीचं स्टुटगार्टमध्ये भागतं, पण फी सोडून.

फी ही ज्या त्या राज्याची गोष्ट आहे. "जर्मनीत शिक्षण फुकट" हे वाक्य आपल्याकडे सगळ्यांना पाठ झालंय. बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांबाबत ते खरंही आहे, तिथे सेमिस्टरची वर्गणी तेवढी भरावी लागते. स्टुटगार्ट मात्र बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात येतं. त्या राज्याने २०१७ च्या हिवाळी सेमिस्टरपासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी लावली आहे. वर्गणी साधारण २०० धरा. वर्षाची दोन सेमिस्टर, म्हणजे ३,४०० युरो, महिन्याला २८३. ते मिळवले की खरा आकडा होतो महिन्याला सुमारे १,२७५ युरो.

म्हणून प्रवेश बदला असं मी म्हणणार नाही. स्टुटगार्ट म्हणजे बॉश, मर्सिडीज आणि पोर्शचं गाव. सांगलीच्या वालचंद कॉलेजमधून मेकॅनिकल करून गेलेल्या पोरांना तिथे शिकता शिकता काम मिळण्याची शक्यता पूर्वेकडच्या स्वस्त शहरांपेक्षा जास्त असते. केम्निट्झसारख्या शहरात खोली तीनशे युरोच्या आसपास मिळते आणि फी नसते. म्युनिकमध्ये सामाईक घरातल्या एका खोलीला सातशे-आठशे सहज जातात. तुमच्या हातात आलेल्या प्रवेशाचा भाव तेवढा समजून घ्या.

पार्टटाइमचं गणित एजंट कागदावर छान मांडतो. मार्च २०२४ पासून विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे, आणि 'मिनीजॉब' म्हणतात त्या छोट्या नोकरीची महिन्याची मर्यादा ६०३ युरो. म्हणजे महिन्याला ४३ तास, आठवड्याला दहा. कागदावर ६०३. पण पहिले दोन महिने खोली, नोंदणी, खातं, विमा, परवाना यांतच जातात. मग जानेवारी-फेब्रुवारीत परीक्षा. जर्मन बोलता येत नसेल तर काम मिळतं ते गोदामात, डिलिव्हरीचं, नाहीतर पहाटेच्या बेकरीत. ते करायला लाज नाही, पण त्यात विषय मागे राहिले आणि एक सेमिस्टर वाढलं, तर सहा महिन्यांचे साडेसात हजार युरो वाढले. मिनीजॉबची वर्षभराची कमाई एका झटक्यात गेली.

मी घरच्यांना सांगते ते असं: पहिल्या सहा महिन्यांची कमाई शून्य धरा. उरलेल्या अठरा महिन्यांची महिन्याला ४०० धरा. ७,२०० युरो, म्हणजे साडेसात लाख. जास्त मिळाले तर कर्जात भरा. निघायच्या आधी जर्मनची निदान ए-२ पातळी करून जा, कोल्हापूर-सांगलीला वर्ग आहेत, नाहीतर ऑनलाइन. या एकाच खर्चाला मी कधी हात आखडायला सांगत नाही.

आता रुपया. घरात बजेट रुपयांत करतात आणि खर्च युरोत होतो, तिथे घोळ होतो. २०२४ च्या सुरुवातीला युरो ९० रुपयांच्या आसपास होता, २०२५ संपताना शंभरच्या वर गेला. तेच ११,९०४ युरो ९० च्या भावाने १० लाख ७१ हजार होतात आणि १०५ ने साडेबारा लाख. पोरीने एक कप कॉफी जास्त प्यायली नाही, तरी खर्च पावणेदोन लाखांनी वाढला. म्हणून वही युरोत ठेवा. रुपयांत आणताना आजच्या भावात पाच रुपये वाढवून धरा. दोन वर्षांचे महिन्याला १,२७५ प्रमाणे साडेतीस हजार युरो होतात, १०५ ने ३२ लाख. युरो ११० झाला तर आणखी दीड लाख. वर सुरुवातीचा अनामत-हॉस्टेल-सामानाचा २ लाखांचा भार. त्याशिवाय निघण्याआधीचा खर्च: एपीएस प्रमाणपत्राचे (इथली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा जर्मन दाखला) १८ हजार, व्हिसाची ७५ युरो फी, ब्लॉक्ड खातं उघडायची फी, मुंबईच्या चकरा, विमानाचं तिकीट, प्रवासविमा. हे सगळं दीड लाखात बसवा. एकूण साडेपस्तीस लाखांची तयारी ठेवा. यात अनामतीचे लाखभर शेवटी परत येतात, खोली नीट ठेवली तर.

पैसे पाठवायच्या दिवशी तीन गोष्टी बघा. पहिली, भाव. बँकेला "आज टीटी सेलिंग रेट काय लावताय?" असं विचारा, म्हणजे परदेशी पाठवायला बँक युरो कितीला विकते तो भाव, आणि दुसऱ्या बँकेत तेच विचारा. रुपयाचा फरक पडला तरी ११,९०४ युरोवर बारा हजार रुपये होतात. तेवढ्यात येण्याजाण्याचं पेट्रोल निघून वर पोरीचं जाकीट येतं. चलन बदलण्यावरचा जीएसटी फार नसतो, दहा लाखांवर हजाराच्या आत, त्यावर घासाघीस करत बसू नका. दुसरी गोष्ट, मधल्या बँकेचं कमिशन. फॉर्म भरताना सगळे चार्जेस पाठवणाऱ्याकडे, म्हणजे 'अवर' हा पर्याय लिहा, आणि तरीही पन्नासएक युरो जास्त पाठवा. वीस युरो वाटेत कापले गेले आणि खात्यात ११,८८४ पोचले, तर पूर्ण रकमेचं प्रमाणपत्र मिळत नाही, पुन्हा पैसे पाठवा, पुन्हा थांबा. व्हिसाची तारीख तोंडावर आलेली असते.

तिसरी गोष्ट टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ कापून घेते तो कर. १ एप्रिल २०२५ पासून एका माणसाने एका आर्थिक वर्षात परदेशी पाठवलेल्या १० लाखांपर्यंत टीसीएस लागत नाही. वरच्या रकमेवर बँक ठरलेल्या दराने तो कापून घेते. ही मर्यादा दर पॅनमागे असते. वडिलांनी आठ आणि तुम्ही पाच लाख, ज्याच्या त्याच्या खात्यातून, ज्याच्या त्याच्या पैशातून पाठवले तर दोघेही मर्यादेत राहता. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशावर टीसीएस नाही. पतसंस्थेचं कर्ज मात्र यात बसत नाही, मग चेअरमन घरचा असो. आणि कापलेला टीसीएस बुडत नाही, रिटर्न भरलं की आयकरात वळता होतो किंवा परत मिळतो. अडचण आपल्याकडे वेगळीच असते. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून बागायतदार रिटर्नच भरत नाही. द्राक्षाचे पंधरा लाख आले तरी कागदावर माणूस बिनउत्पन्नाचा. कर्जाच्या वेळी बँक सहअर्जदाराची मागच्या वर्षांची रिटर्न मागते तेव्हा हे आठवतं. तुम्ही भरत नसाल तर या वर्षीपासून शेतीउत्पन्न दाखवून भरायला लागा.

कर्जाकडे येते. सरकारी बँका साधारण साडेसात लाखांच्या वर तारण मागतात. सात-बारावरची शेती तारण चालत नाही. कर्ज थकलं तर बँका ज्या सरफेसी कायद्याने मालमत्तेचा ताबा घेतात, तो शेतजमिनीला लागू होत नाही, म्हणून बँक तिकडे बघत नाही. दीड एकर बागेची किंमत गावात कितीही असो. म्हणून तुमचा सांगलीतला प्लॉट कोणत्या प्रकारचा आहे ते आधी बघा. एनए (बिगरशेती) असेल, नाव सिटी सर्व्हेला लागलेलं असेल, तर काम सोपं. गुंठेवारीचा (मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेला) असेल आणि नियमितीकरणाचा दाखला नसेल, तर बँकेचा वकील फाइल परत पाठवतो, आणि तो दाखला आठ दिवसांत मिळत नाही. सांगलीत हा प्रश्न इतक्या घरांत आहे की फाइल उघडल्यावर मी आधी गुंठेवारीचंच विचारते. विनातारण कर्ज देणाऱ्या खासगी वित्तसंस्था आहेत, लवकरही देतात, पण व्याज चढं असतं. ती शेवटची वाट. अर्जाला विद्यालक्ष्मी पोर्टल आहे. सामाजिक न्याय विभाग, सारथी वगैरेंच्या परदेशी शिष्यवृत्त्या तुम्हाला लागू होतात का तेही बघा. त्यांच्या जाहिराती उन्हाळ्याच्या सुमाराला येतात आणि मुदत थोडी असते.

किती काढावं? २० लाख मंजूर करून घ्या. मंजूर रक्कम आणि उचललेली रक्कम यांत फरक आहे, व्याज उचललेल्यावरच लागतं. शिक्षणाच्या काळात आणि नंतरच्या साधारण वर्षभराच्या सवलतीत हप्ता नसतो, पण व्याज साठत जातं. १५ लाख उचलले आणि दर १० टक्के असला, तर वर्षाला दीड लाख. हे व्याज दरवर्षी बेदाण्याचे पैसे आले की भरून टाका, म्हणजे पोरीच्या पहिल्या नोकरीवर व्याजासकट डोंगर उभा राहणार नाही. वडील आयकर जुन्या पद्धतीने भरत असतील आणि कर्जदार म्हणून तेच व्याज भरत असतील, तर आठ वर्षांपर्यंत त्या व्याजाची पूर्ण वजावट मिळते.

घरचे १२ लाख कुठे वापरायचे, यात बहुतेक कुटुंबं उलटं करतात. सगळे १२ लाख ब्लॉक्ड खात्यात भरतात, मग अनामत आणि हॉस्टेलसाठी बँकेकडे येतात. बँक विद्यापीठाला फी देईल, ब्लॉक्ड खात्यात पैसे भरेल, पण स्टुटगार्टच्या घरमालकाला अनामत देणार नाही. म्हणून ज्याला बँक पैसे देते ते बँकेकडून घ्या आणि ज्याला देत नाही त्यासाठी घरचे ठेवा. ब्लॉक्ड खात्यातले आठेक लाख आणि फी कर्जातून. खात्यातले उरलेले साडेचार लाख आणि बँकेचं साधारण दहा-पंधरा टक्के मार्जिन, म्हणजे कर्जदाराने स्वतः घालायचा वाटा, घरच्या पैशातून, मार्जिन बहुधा याच साडेचार लाखांत धरलं जातं. त्यानंतर घरच्यातले सात-साडेसात लाख उरतात. त्यातले पावणेचार पहिल्या तीन महिन्यांसाठी, दीड निघण्याच्या खर्चाला, आणि एक लाख कुणीही हात लावायचा नाही असे. घरी काही बरंवाईट झालं तर पोरीला दुसऱ्या दिवशी विमानात बसता यावं, त्यासाठी ते.

बागेचं वेळापत्रक आणि जर्मनीचं वेळापत्रक एकमेकांना अगदी आडवं येतं. द्राक्षाचे पैसे येतात जानेवारी ते एप्रिल, बेदाण्याचे सौदे त्यापुढे. लगेच एप्रिल छाटणी. मग पावसाळाभर हात आखडता. आणि ऑक्टोबर छाटणीला औषध, मजूर, डिपिंग (घड औषधात बुडवणं) यांचा सगळ्यात मोठा खर्च. तिकडे पुढच्या सेमिस्टरची फी जानेवारी-फेब्रुवारीत आणि जुलै-ऑगस्टमध्ये भरावी लागते. वर्षानंतर राहण्याचा परवाना वाढवायचा तर पुढच्या वर्षाच्या खर्चाचा पुरावा पुन्हा दाखवावा लागतो, तोही पावसाळा संपता संपता. म्हणजे परक्या देशातला मोठा खर्च आणि ऑक्टोबर छाटणी एकाच खिशातून. म्हणून एप्रिल-मेमध्ये, पैसे हातात असताना, त्या वर्षाच्या फीची रक्कम वेगळ्या मुदतठेवीत टाका आणि तिला औषध दुकानदाराची उधारी दिसू देऊ नका.

ऑगस्टचं आणखी एक. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात किती दिवस होतं, हे सांगलीकराला सांगायला नको. २०२१ च्या जुलैत पुन्हा आलं. तासगावला पूर येत नाही, पण तुमची शाखा, तुमचा सीए, कुरिअर हे सगळं सांगलीत आहे. फी जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाठवून मोकळे व्हा. नेटबँकिंगवरून परदेशी पैसे पाठवायची सोय आधीच चालू करून ठेवा.

बारीकसारीक सामानाचं लवकर सांगते. दाताची कामं आणि डोळ्यांची तपासणी मिरजेत करून निघा, चष्मे दोन घ्या. तिकडे चष्मा महाग पडतो. कुकर इथून न्या. हिवाळ्याचं जाकीट इथे घेऊ नका, इथल्या दुकानदाराला उणे दहाची थंडी माहीत नसते. भडंग, मसाले, लोणचं चालतं, पण तूप, पेढे, खवा नाही. दुग्धजन्य पदार्थ युरोपीय संघात बाहेरून सामानातून नेता येत नाहीत, विमानतळावर आजीच्या तुपाचा डबा काढून टाकावा लागतो. डाळ आणि तांदूळ वजन करून नेण्यात अर्थ नाही, तिथल्या साध्या सुपरमार्केटात मसूर आणि तांदूळ परवडतात. पाणी नळाचं प्या. प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, ती यंत्रात परत मिळते. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारी बाजार करायची सवय लावा. हातात ३०० ते ५०० युरो रोख असू द्या. इथलं डेबिट कार्ड अडीनडीला ठीक आहे, पण बहुतेक बँका प्रत्येक व्यवहारावर दोन ते साडेतीन टक्के लावतात.

आणि दादा, चौकात फ्लेक्स लावायचा, गावजेवण घालायचं, असं काही मनात असेल तर ते बहीण पास होऊन आल्यावर करा. त्या पैशात दीड महिन्याचं भाडं निघतं. मी हे फक्त तुम्हाला सांगत नाही, माझ्या भाच्याच्या वेळीही सांगितलं होतं. माझं कुणी ऐकलं नाही.

ती तिथे गेल्यावर तिचं इथलं बचत खातं तसंच चालू ठेवायचं नसतं. परदेशी शिकायला गेलेला माणूस परकीय चलनाच्या कायद्याने अनिवासी धरला जातो, त्यामुळे खातं एनआरओ (अनिवासी माणसाचं रुपयांतलं खातं) करून घ्यावं लागतं. पुढे शेतजमिनीत तिचं नाव लावायचं असेल तर वारसाहक्काने लागतं, विकत घेता येत नाही. एकत्र खरेदीचा विचार चालू असेल तर तो निघायच्या आधी निकालात काढा.

यंदाचा बेदाणा भाव वाढेल म्हणून कोल्ड स्टोरेजला ठेवणार असाल तर सगळा ठेवू नका. पावणेचार लाखांचा माल मेमध्येच सौद्याला काढा, पैसे वडिलांच्या खात्यात जमा करा आणि उरलेल्यावर वाट बघा. मग घरच्या १२ लाखांतले पावणेचार मोकळे राहतील आणि प्लॉटचे कागद अडकले तरी व्हिसाची तारीख चुकणार नाही.